गाडी बसवली तरी कुत्र्याला पुन्हा पुन्हा जखम का होते?

मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यासाठी चाकांची गाडी येते. पहिल्या दिवशी तो अंगणभर पळतो, घरातल्यांचे डोळे भरून येतात. आठवड्याभरात बगलेत नाहीतर जांघेत कातडी सोलवटते. गाडी बंद होते, मलम लागतं, जखम भरते, गाडी परत चढते आणि जखम परत त्याच जागी होते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाडी माळ्यावर जाते आणि घरचे म्हणतात, "आमच्या कुत्र्याला गाडी सोसली नाही." हे वाक्य मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये ऐकलंय, कसबा बावड्यात ऐकलंय, आणि रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्या मुलामुलींकडून तर नेहमीच ऐकते.

बहुतेक वेळा गाडीचं माप चुकलेलं असतं. कुठलं माप चुकलंय हे जखमेच्या जागेवरून कळतं. म्हणून मलमाची ट्यूब उघडण्याआधी जखम नेमकी कुठे आहे ते नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. बगलेतली, खांद्यावरची, जांघेतली आणि पंजावरची जखम यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

गाडीला हात लावण्याआधी

कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले असतील, म्हणजे काल चालत होता आणि आज उठत नाही, तर गाडीचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला असेल आणि पायाची बोटं जोरात दाबूनही कुत्र्याला कळत नसेल, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याचा काळ फार थोडा असतो. पहिल्या 24 ते 48 तासांना इथे फार किंमत आहे. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात हा आजार जास्त दिसतो. अपघातात मणका मोडल्याचा संशय असेल तर कुत्र्याला काखेत उचलू नका. फळीवर सपाट ठेवून न्या. आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खासगी डॉक्टर आहेत, आणि मोठ्या तपासणीसाठी पुण्याच्या वाटेवर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक अपंग कुत्र्याला गाडी लागत नाही. म्हाताऱ्या लॅब्रॅडोरचा खुबा झिजला असेल पण पाय टाकता येत असतील, तर त्याला कमरेखालून आधार देणारा पट्टा, न घसरणारी जमीन आणि उतरलेलं वजन एवढं मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. त्याला दिवसभर गाडीत घातलं तर उरलेले स्नायूही जातील. एक पाय कापलेली बहुतेक कुत्री तीन पायांवर छान सावरतात. त्यांना गाडी देण्याची घाई नको, वजन मात्र वाढू देऊ नका. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचे कधी कधी चारही पाय अशक्त असतात आणि अंगाला झटके येत राहतात. त्याला दोन चाकांची गाडी दिली तर तो पुढे तोंडावर पडतो. त्याला चार चाकांची गाडी लागते. मागचे पाय गेलेत, पुढचे दणकट आहेत आणि डॉक्टरांनी हिंडू देण्यास परवानगी दिली आहे, अशा कुत्र्यासाठी दोन चाकांची गाडी. पुढचं सगळं त्याच गाडीबद्दल आहे.

जखम वाचायची कशी

गाडीची रचना साधी आहे. दोन बाजूंना दोन दांड्या, मागे चाकं, कुत्र्याचं बूड टेकायला खोगीर, पुढे खांद्यावरून जाणारा पट्टा आणि छातीखालून जाणारा पट्टा. सगळी चौकट चाकांच्या ॲक्सलभोवती, म्हणजे आसाभोवती, तोललेली असते. मागच्या धडाचं वजन खोगिरावर येतं. आता खोगीर ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर पुढची जखम ठरते.

ॲक्सल खोगिराच्या फार मागे गेला, की वजनाने दांड्यांची पुढची टोकं खाली दबतात आणि खांद्यावरचा पट्टा रुततो. मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर केस गेलेले आणि कातडी लाल दिसली तर कारण हे. असा कुत्रा चार पावलं टाकून थांबतो, धापा टाकतो, आणि घरच्यांना वाटतं तो आळशी आहे. निरोगी उभ्या कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं. त्यात गाडीचा भार पडला तर त्याचे खांदे आणि मनगटं किती दिवस टिकतील?

ॲक्सल खोगिराच्या फार पुढे असला की उलटं होतं. मागचं धड गाडीला मागे ओढतं, दांड्यांची टोकं वर उठतात, आणि छातीखालचा पट्टा खालून वर ओढला जाऊन बगलेत घुसतो. बगलेतली वारंवार होणारी जखम मी जिथे जिथे बघितली, तिथे लोकांनी पट्ट्याला कापूस गुंडाळला होता, फडकं शिवलं होतं, पट्टा सैल केला होता. दांड्या वर उठत असतील तर कितीही मऊ पट्टा चामडी कापणारच. ॲक्सल मागे घ्यावा लागतो. एकदम नको. एका वेळी एक-दोन सेंटिमीटर, आणि मग दोन दिवस निरीक्षण.

तोल बरोबर आहे का हे बघायची पद्धत सोपी आहे. कुत्र्याला गाडीत सपाट जमिनीवर सरळ उभं करा. खांद्याजवळ दोन्ही दांड्या दोन-दोन बोटांनी उचला. अगदी हलकी उचलली गेली आणि सोडल्यावर हलकेच परत टेकली, तर तोल ठीक. जोर लावावा लागला तर पुढे भार जास्त आहे. हात लावण्याआधीच ती वर तरंगत असेल आणि छातीखालच्या पट्ट्यात बोट शिरत नसेल, तर भार मागे आहे. साधारणपणे ॲक्सल कमरेच्या सांध्याच्या बरोबर खाली किंवा किंचित पुढे बसतो. पण प्रत्येक कुत्र्याचं धड वेगळं, म्हणून बोटांच्या चाचणीवर जास्त भरवसा ठेवा.

जांघेतली जखम म्हणजे उंचीचा किंवा खोगिराचा दोष. बाजूने बघा, पाठीची रेषा जमिनीला समांतर हवी. बूड वर आणि डोकं खाली अशी घसरगुंडी दिसत असेल तर गाडी उंच झाली आहे, सगळं अंग पुढे ढकललं जातंय आणि खोगिराचा पट्टा जांघेत ओढला जातोय. पाठ मागे खचलेली दिसली तर गाडी ठेंगणी. उंची बरोबर असूनही जांघ सोलत असेल, तर खोगिराची कड तपासा. कड बोटाला टोचत असेल तर कातडीला कापणारच. नर कुत्र्याचं मूत्रेंद्रिय आणि दोघांचंही शेपटीखालचं अंग पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे. गाडीत असतानाच शी-शू होऊ शकते आणि ती व्हावीच.

पंजाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या गाठींवर झालेली जखम ही पाय उलटे घासल्याची. पायात थोडीही हालचाल शिल्लक असेल तर बोटं जमिनीला जेमतेम टेकतील एवढीच उंची ठेवा, त्या हालचालीचा व्यायाम होतो. पाय पूर्ण निर्जीव असतील तर मागच्या बाजूला पट्ट्यात अडकवून जमिनीपासून वर ठेवा.

आणि खुब्याच्या हाडावर, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला होणाऱ्या जखमेचा गाडीशी संबंधच नसतो. ती अंथरुणाची जखम. कुत्रा एकाच कुशीवर तासन् तास पडून असतो. जाड गादी आणि दर चार तासांनी कूस बदलणं, याला दुसरा पर्याय मला माहीत नाही.

कोल्हापूरला चाकाची खुर्ची नवी नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये इथेच 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, त्या स्वतः खुर्चीवर. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना हे पाठ असतं, की जिथे कळत नाही तिथली कातडी रोज डोळ्यांनी तपासावी लागते. कुत्र्याचंही तेच आहे. त्याची जांघ फाटली तरी तो केकाटणार नाही, कारण त्याला ते कळतच नाही. त्यामुळे "तो तर मजेत आहे, दुखत नसेल" हा निष्कर्ष काढू नका. गाडीतून उतरवलं की प्रत्येक वेळी केस बाजूला करून बघायचं. लाल डाग हाताने दाबून सोडल्यावर बराच वेळ तसाच राहिला, तर त्या दिवशी गाडी नाही.

माप घ्यायचं ते असं

माप एकट्याने घेता येत नाही. एकाने कुत्र्याला कमरेखालून टॉवेलने नैसर्गिक उंचीवर धरायचं, दुसऱ्याने टेप लावायची. झोपलेल्या कुत्र्याचं माप चालत नाही. जमिनीपासून मांडी आणि पोट मिळतात त्या घडीपर्यंतची उंची, पुढच्या पायामागच्या बगलेपासून मागच्या मांडीपर्यंतची लांबी, कमरेची सर्वांत जास्त रुंदी, छातीचा घेर आणि वजन, एवढं कागदावर लिहा.

तयार गाड्या ऑनलाइन मिळतात, काही हजारांपासून पुढे, आणि बहुतेकांची उंची-लांबी बदलता येते. अडचण अशी, की लोक वजनाच्या तक्त्यावरून साइझ निवडतात. आपला गावठी कुत्रा पायाने लांब, छातीने खोल आणि कमरेला बारीक. त्याच वजनाचा बीगल त्याच्यापेक्षा कितीतरी ठेंगणा असतो. वजनावरून घेतलेली गाडी मग उंचीला कमी आणि कमरेला ढगळ निघते, कुत्रा खोगिरात डावी-उजवीकडे हेलकावतो आणि दोन्ही मांड्या घासतात. गावठी कुत्र्यासाठी उंची आधी बघा, मग रुंदी, वजन शेवटी.

आणि ऑर्डर देण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे विचारा. कुत्रा गेल्यावर त्याची गाडी घरात तशीच पडून असते, आणि ती कुणाच्या तरी उपयोगी पडावी असं त्या घरालाही वाटत असतं.

उद्यमनगरात करून घ्यायची असेल तर

मला स्वतःला ही वाट जास्त पटते. ज्या गावात शिवाजी उद्यमनगरसारखी छोट्या कारखान्यांची वसाहत आहे, जिथे लेथवर हवा तो भाग काढून मिळतो, तिथे परगावच्या गाडीसाठी थांबायचं कशाला? अडचण फक्त एवढीच, की नुसतं "कुत्र्याची गाडी करायची आहे" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. कुत्र्याला बरोबर न्या, किंवा त्याला टॉवेलने धरून काढलेला बाजूचा फोटो न्या. "मेस्त्री, ह्याचं मागचं अंग उचलून धरायचंय, आणि हा ॲक्सल पुढं-मागं सरकला पाहिजे," असं सांगितलं की त्यांना लगेच कळतं. एका मेस्त्रींनी फोटो बघून मला एवढंच विचारलं, "ताई, वजन किती हाय आन् पळतंय का?" दोन्ही प्रश्न अगदी नेमके होते.

दहा किलोच्या आतल्या कुत्र्याला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप चालतो. एल्बो, टी आणि ते चिकटवायचं सोल्युशन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पहिला आठवडा सोल्युशन लावू नका, जोड नुसते दाबून बसवा आणि वरून टेप मारा, म्हणजे माप बदलता येतं. वजन पंधरा किलोच्या पुढे गेलं की पाइप लवतो, पळताना चौकट पिळवटते आणि खोगीर वाकडं होतं. एकाच बाजूच्या मांडीला जखम होत असेल तर चौकट पिळवटते का ते आधी बघा.

मोठ्या कुत्र्याला ॲल्युमिनियम. ते वजनाने लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतं आणि खिडक्या करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे असतात. साध्या वेल्डिंगने ते जोडलं जात नाही, आर्गन वेल्डिंग लागतं. मी तर म्हणेन वेल्डिंग करूच नका. नटबोल्टने जोडा आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या, नाहीतर रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. दांडीला ॲक्सलसाठी एकच भोक न पाडता लांबट खाच पाडून घ्या. एवढी एक गोष्ट केली तर तोल जुळवायचं निम्मं काम सोपं होतं.

चाकं मोठी हवीत. सामान ओढायच्या ट्रॉलीची छोटी चाकं फरशीवर छान फिरतात, आणि आपल्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात, पहिल्या खडीत अडकतात. मध्यम उंचीच्या गावठी कुत्र्याला लहान मुलांच्या सायकलचं 12 इंची चाक चांगलं. त्याहून ठेंगण्या कुत्र्याला बाबागाडीचं. ज्या चाकात बेअरिंग नसतं ते दोन महिन्यांत डगमगू लागतं. 8 मिलिमीटरच्या ॲक्सलला 608 नंबरचं बेअरिंग बसतं, स्केटिंगच्या चाकात असतं तेच. घेताना रबर सीलचं मागा, आपल्या पावसात चिखलपाणी आत जात नाही.

वळताना गाडी उलटत असेल तर दोन चाकांमधलं अंतर कमी आहे. चाकं खालच्या बाजूला थोडी बाहेर झुकतील अशी बसवा, म्हणजे पाया रुंद होतो. फार रुंद केली तर दारात अडकेल, तेव्हा घरातलं सर्वांत अरुंद दार मोजून घ्या.

खोगिरासाठी मी लोकांना चप्पल करणाऱ्या कारागिराकडे किंवा बॅगा शिवणाऱ्याकडे पाठवते, पण चामडं वापरू नका असं बजावून. चामडं मूत शोषून घेतं, कडक होतं, कुजतं, आणि मग तेच चामडं घासतं. दप्तराला असतो तसा नायलॉनचा रुंद पट्टा, आत चपलेच्या तळाला वापरतात तो मऊ फोम, वरून धुता येणारं गुळगुळीत कापड. कारागिराकडे जायचं ते त्याच्या हातासाठी. अंगठ्याला टोचू नये अशी चपलेची कड तो रोज मुडपतो, आणि खोगिराला तशीच कड लागते. शिवण नेहमी बाहेरच्या बाजूला. दोन खोगिरं करून घ्या, एक धुवून वाळेपर्यंत दुसरं. दांड्यांना एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी फोमची नळी चढवा.

कुत्रा गाडीत पुतळ्यासारखा उभा राहतो

ही तक्रार पण पुष्कळ येते. आधी वरची बोटांची चाचणी करा, कारण तोल चुकलेला कुत्रा हलत नाही आणि ते त्याचं बरोबरच असतं. तोल ठीक असेल तर घाई झालेली असते. दोन-तीन दिवस नुसता पुढचा पट्टा अंगावर ठेवून जेवू द्या. मग गाडी, पाच ते दहा मिनिटं, बाहेरच्या मातीवर. घरातल्या चकचकीत टाइल्सवर पुढचे पाय घसरले की तो घाबरतो आणि गाडीवर डूख धरतो. सकाळी रहदारी नसताना एखाद्या मोकळ्या मैदानात न्या, पुढे दोन पावलांवर आवडीचं खाणं धरा. दुसरं ओळखीचं कुत्रं बरोबर असेल तर उत्तम, त्याच्यामागे तो आपोआप निघतो.

सवय झाल्यावरही एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको. गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही, हे लोक विसरतात. दमल्यावर तो पट्ट्यांवर लटकून राहतो आणि मग जखमा होतात. माणूस जवळ नसताना गाडी नको. म्हणूनच रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडी बांधून सोडून द्यायची नसते, कितीही प्रेमाने केली असली तरी. गटारीत, कठड्यावर, दोन वाहनांच्या मध्ये ती अडकली तर त्याला सुटता येत नाही. आधी त्याला सांभाळणारं घर किंवा जागा शोधा, मग गाडी.

घरात सरपटण्यासाठी गाडी लागत नाही. घसरत नाही अशी रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅट चालण्याच्या वाटेवर टाका, मागच्या धडाला मऊ कापडाची पिशवी घाला म्हणजे घासणार नाही. पुढच्या पंजांची नखं कापा, पंजाखालच्या गाद्यांमधले केस काढा. मागचं अंग उचलायला टॉवेल वापरत असाल तर नराच्या बाबतीत तो मूत्रेंद्रियावर दाबला जात नाही ना, तेवढं बघा.

मलम लावूनही जखम ओलीच राहते

तेव्हा लघवी तपासा. पोटाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला पसरट लाली आणि उग्र वास असेल तर ती कातडी मुताने भाजलेली असते, पट्ट्याने नाही. इथे एक मोठा गैरसमज आहे. "तो आपला आपला करतो, सारखा थेंब थेंब होतो," असं लोक समाधानाने सांगतात. पुष्कळदा मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असतं. कुत्र्याला ते रिकामं करताच येत नसतं. अशा कुत्र्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं. हे लिहून शिकवता येत नाही. डॉक्टरांसमोर तुमचा हात त्यांच्या हाताखाली ठेवून शिकून घ्या. लघवीला घाण वास, रक्त किंवा गढूळपणा दिसला तर तपासणी करून घ्या, या कुत्र्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. अंग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा, मांड्यांचे केस बारीक ठेवा.

जून ते सप्टेंबर दुप्पट लक्ष द्या. जखम ओली, माश्या भरपूर, आणि कुत्र्याला शेपटी हलवून त्या हाकलता येत नाहीत. एका रात्रीत अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली आणि जांघेत बघा. अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका, डॉक्टरांकडे न्या. भिजलेले पट्टे वाळल्याशिवाय अंगावर चढवू नका.

गाडी एकदा जुळली म्हणजे कायमची जुळली असं होत नाही. मागच्या मांड्या हळूहळू सुकतात, छाती आणि खांदे भरतात, कधी पोट सुटतं. त्यामुळे जुन्या मापाची गाडी सहा महिन्यांनी त्याच कुत्र्याला घासू लागते. दर महिन्याला बोटांची चाचणी करा, दोन-तीन महिन्यांनी टेप लावा, आणि पहिल्या दिवशीच्या मापाचा कागद गाडीबरोबरच ठेवा. मेस्त्रीकडे परत जाल तेव्हा जखमेचा फोटो आणि तो कागद, दोन्ही दाखवा.